तार कोणाची, कागद कोणाचा?

४ फेब्रुवारी २०२५ रोजी ऑस्ट्रेलियाच्या गृह खात्याच्या सचिवांनी केंद्र सरकारच्या खात्यांना एक आदेश पाठवला. डीपसीक या चिनी कंपनीचं कृत्रिम बुद्धिमत्तेचं ॲप आणि तिच्या बाकीच्या सेवा सरकारी संगणकांवरून आणि फोनवरून काढून टाका, असा तो आदेश. सामान्य नागरिकाला मात्र मोकळीक होती. त्याच सुमारास तैवानने सरकारी खात्यांत हे ॲप वापरायला मनाई केली. दक्षिण कोरियातल्या काही मंत्रालयांनी ते आपल्या संगणकांवर रोखलं. अमेरिकेत टेक्ससच्या राज्यपालांनी सरकारी उपकरणांवर ते चालणार नाही असं जाहीर केलं. डीपसीकचं आर-वन हे गाजलेलं मॉडेल आलं होतं २० जानेवारीला. म्हणजे पुरते तीन आठवडेही झाले नव्हते.

इतक्या घाईने निर्णय झाले की आपल्याला वाटतं, प्रश्न अगदी नवा असणार. तसं नाही. सरकारचा गुप्त कागद परक्याच्या यंत्रातून पाठवावा का, हा प्रश्न निदान दीडशे वर्षं जुना आहे. आज आपण त्याचे दोन जुने प्रसंग पाहू आणि मग पुन्हा या ॲपकडे येऊ.

पहिला प्रसंग तारेचा. १८७० साली सुएझ आणि एडनमार्गे समुद्राखालची तार मुंबईला पोहोचली. त्याआधी लंडनहून हिंदुस्थानात तार यायची ती तुर्कस्तानच्या मुलखातल्या जमिनीवरच्या तारांवरून. ती रखडायची, मजकुराची मोडतोड व्हायची, आणि वाटेतले तारबाबू परके. समुद्रातल्या तारेने ती अडचण बरीचशी संपवली. पुढे इंग्रजांनी हाच विचार टोकाला नेला. १९०२ साली पॅसिफिक महासागरातली तार पूर्ण झाली आणि फक्त ब्रिटिश ताब्यातल्या जमिनीला टेकत जगाला वेढा घालणारं जाळं तयार झालं. नकाशात ब्रिटिश मुलूख लाल दाखवत, म्हणून त्याला लाल रेषाच म्हणत. खर्च अफाट होता. पण तार आपली तर गुपित आपलं, हे त्यांना पक्कं कळलं होतं.

ज्यांच्याकडे स्वतःची तार उरली नाही त्यांचं काय झालं? ५ ऑगस्ट १९१४ला, युद्ध जाहीर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, इंग्रजांच्या जहाजाने जर्मनीच्या समुद्रातल्या तारा तोडल्या. आता जर्मनीला अटलांटिकपलीकडे बोलायचं तर दुसऱ्याच्या तारेची मेहेरबानी. अमेरिका तेव्हा तटस्थ होती. शांततेच्या वाटाघाटी व्हाव्यात म्हणून तिने आपल्या राजनैतिक तारेवरून जर्मनांना सांकेतिक निरोप पाठवू दिले. जानेवारी १९१७मध्ये जर्मन परराष्ट्रमंत्री झिमरमान यांनी त्याच वाटेने मेक्सिकोसाठी एक निरोप धाडला. अमेरिका युद्धात उतरली तर तुम्ही आमच्या बाजूने या, टेक्सस, न्यू मेक्सिको आणि ॲरिझोना परत मिळवायला मदत करू, असा तो निरोप. गंमत बघा, अमेरिकेविरुद्धचा निरोप अमेरिकेच्याच तारेवरून! आणि ती तार जात होती लंडनवरून. इंग्रज ती ऐकत होते. त्यांनी संकेत फोडला, मजकूर अमेरिकेच्या हाती दिला आणि ६ एप्रिल १९१७ला अमेरिका युद्धात उतरली. तिला युद्धात ओढणाऱ्या कारणांत ही एक तार होती.

इथपर्यंतचा धडा सोपा आहे. शत्रूच्या हाताखालून जाणारी तार वापरू नका. चिनी ॲपवरची बंदी याच धड्यावर उभी आहे. डीपसीकच्या गोपनीयता धोरणातच लिहिलं होतं की माहिती चीनमधल्या सर्व्हरवर साठवली जाते. आणि चीनचा २०१७ चा गुप्तवार्ता कायदा तिथल्या संस्थांना आणि नागरिकांना सरकारी हेरखात्याला सहकार्य करायला सांगतो. कंपनीची नियत चांगली असो की वाईट, कायदा तिच्या वर आहे.

पण दुसरा प्रसंग हा धडा अपुरा ठरवतो. स्वित्झर्लंडमधल्या त्सुग भागात क्रिप्टो एजी नावाची कंपनी होती. सरकारांचे गुप्त निरोप सांकेतिक करणारी यंत्रं ती विकायची. देश तटस्थ, माल दर्जेदार. शंभराहून अधिक देशांनी तिची यंत्रं घेतली. गिऱ्हाइकांत इराण होता, पाकिस्तान होता आणि आपला भारतही होता. फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकी, जर्मन आणि स्विस पत्रकारांनी मिळून उघड केलं की १९७० पासून ही कंपनी गुपचूप अमेरिकेच्या सीआयए आणि पश्चिम जर्मनीच्या हेरखात्याच्या मालकीची होती. यंत्रं अशी बनवली होती की मालकांना निरोप वाचता यावेत. जर्मनांनी १९९३ च्या सुमारास अंग काढून घेतलं, अमेरिकेने मात्र २०१८ पर्यंत ती चालवली.

म्हणजे काय झालं? घेणाऱ्यांनी देशाचं नाव पाहिलं. स्वित्झर्लंड ना, मग काळजी नको! कुलूप बनवणाऱ्याकडे दुसरी किल्ली आहे का, हे तपासायची सोय मात्र फार थोड्यांकडे होती.

आता भारताकडे येऊ. इथे एक बारकाई आहे, ती बातम्यांच्या गर्दीत निसटली. २९ जानेवारी २०२५ च्या परिपत्रकात आपल्या अर्थ मंत्रालयाने कर्मचाऱ्यांना कळवलं की कार्यालयीन संगणकांवर आणि उपकरणांवर अशी ॲप वापरू नका, सरकारी माहिती आणि कागदपत्रांच्या गोपनीयतेला धोका आहे. त्यात चिनी डीपसीकचं नाव होतं आणि अमेरिकी चॅटजीपीटीचंही. शत्रू आणि मित्र असा भेद त्यात नव्हता. आम्हाला हे परिपत्रक ऑस्ट्रेलियाच्या आदेशापेक्षा इतिहासाला अधिक धरून वाटतं. अमेरिकेतही २०१८ पासून असा कायदा आहे की तिथल्या कंपनीकडची माहिती परदेशातल्या सर्व्हरवर असली तरी योग्य आदेश असेल तर ती द्यावी लागते. आणि मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्याच प्रतिनिधिगृहाने आपल्या कर्मचाऱ्यांना मायक्रोसॉफ्टचं कोपायलट वापरायला बंदी केली. कंपनी घरचीच, तरी भीती हीच की सभागृहाची माहिती मान्यता नसलेल्या सर्व्हरवर जाईल.

बरं, परिपत्रकाच्या दुसऱ्याच दिवशी, ३० जानेवारीला, माहिती तंत्रज्ञान मंत्री अश्विनी वैष्णव म्हणाले की डीपसीकचं मॉडेल लवकरच भारतीय सर्व्हरवर ठेवलं जाईल. काल नको आणि आज हवं? वरवर विसंगती वाटते, पण तशी ती नाही. डीपसीकने आपलं मॉडेल खुलं ठेवलं आहे, ते कोणालाही उतरवून आपल्या यंत्रावर चालवता येतं. तसं चालवलं तर कागद चीनला जात नाही. ॲपमधून विचारलं तर जातो. यंत्र तेच, तार वेगळी. मॉडेल काय शिकून आलं आहे, कोणत्या प्रश्नावर गप्प बसतं, ही काळजी उरतेच, पण ती निराळी काळजी आहे.

म्हणून ‘परदेशी ॲपवर बंदी’ हे शब्द आपण जरा जपून वापरावेत. विचारायचं ते हे: हा कागद कोणाच्या यंत्रावर जातो, त्या यंत्रावर कोणाचा कायदा चालतो, आणि कुलूप उघडून पाहायची मुभा आपल्याला आहे का? या तिन्हींची उत्तरं समाधानकारक असतील तर मॉडेल कुठलंही चालेल. नसतील तर स्वदेशी शिक्काही उपयोगाचा नाही.

शेवटी एक साधी गोष्ट. बंदी उपकरणावर असते, माणसावर नसते. टेबलावरच्या संगणकावर ॲप बंद आहे आणि साहेबांना संध्याकाळपर्यंत वीस पानांच्या नस्तीची टिपणी हवी आहे, अशा वेळी कारकून काय करेल? खिशातला फोन काढेल, पानांचे फोटो घेईल. आदेशाचं पालनही झालं आणि कागदही गेला. इंग्रजांनी परक्या तारा नाकारल्या तेव्हा स्वतःची तार टाकली, हे विसरून चालणार नाही. नुसती मनाई करणाऱ्या सरकारने कर्मचाऱ्याच्या हातात पर्याय ठेवला नाही, तर ती बंदी परिपत्रकातच राहील. आणि त्या नस्तीत काय असतं? कोणाचा सातबारा, कोणाच्या पेन्शनचा अर्ज, कोणाची पोलिसांतली तक्रार. गुपित सरकारचं म्हणतात खरं, पण कागद आपला असतो.