कोंझा प्रेअरीतील धावण्याच्या वाटा

कोंझा प्रेअरी : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कॅन्झस राज्याच्या ईशान्य भागातले उंच गवताचे राखीव क्षेत्र व परिस्थितिविज्ञानाचे संशोधन केंद्र. क्षेत्रफळ सु. ३,४८७ हेक्टर. मॅनहॅटन या गावाच्या दक्षिणेस, राइली व गीअरी या काउंट्यांत ते पसरले आहे. (हे मॅनहॅटन न्यूयॉर्कमधले नव्हे, कॅन्झस नदीकाठचे हे विद्यापीठाचे गाव आहे.) जमिनीची मालकी द नेचर कन्झर्व्हन्सी ही संस्था व कॅन्झस स्टेट विद्यापीठ यांच्याकडे असून कारभार विद्यापीठाचा जीवशास्त्र विभाग पाहतो. क्षेत्राचे नाव येथील मूळ रहिवासी कॉ किंवा कान्सा लोकांवरून पडले. बहुतेक भाग केवळ संशोधकांसाठी राखलेला आहे. एका कडेच्या तीन वळणवाटा मात्र सर्वांना खुल्या असून पायी हिंडणारे आणि धावणारे अशा दोघांचीही तेथे वर्दळ असते.

कॅन्झस म्हणजे परातीसारखे सपाट, या समजुतीने येथे धावायला आलेल्याची पहिल्याच चढावर दमछाक होते. क्षेत्राची उंची ३२० ते ४४४ मी. यांदरम्यान आहे. फ्लिंट हिल्स या डोंगराळ पट्ट्याचा हा भाग असून त्याची घडण पर्मियन काळातल्या चुनखडक व शेल यांच्या आलटूनपालटून आलेल्या थरांची आहे. मऊ शेल झिजतो, टणक चुनखडक कड्यासारखा पुढे राहतो, त्यामुळे टेकड्यांना पायऱ्या पडल्या आहेत. सह्याद्रीत बेसाल्टच्या थरांमुळे दिसतो तसाच हा प्रकार, फक्त खडक वेगळा आणि उंची बेताची. चुनखडकात चर्टचे, म्हणजे चकमकीच्या दगडाचे, थर व गोळे आहेत. चुनखडक विरघळतो, चर्ट विरघळत नाही. तो धारदार कपच्यांच्या रूपाने मातीत साठत जातो. डोंगरांना नाव मिळाले ते याच दगडावरून, आणि गवत वाचले तेही त्याच्याच कृपेने. आयोवा व इलिनॉय राज्यांतली खोल काळी जमीन नांगराखाली गेली आणि तिच्यावर मका उभा राहिला. येथे उतारावर वीतभर मातीखाली नांगराचा फाळ दगडावर आपटत असे, म्हणून जमीन गुरांच्या चराईसाठीच राहिली. उंच गवताच्या मूळच्या अमेरिकी प्रेअरीपैकी आज ४ टक्क्यांहून कमी शिल्लक आहे आणि त्यातला सर्वांत मोठा सलग भाग फ्लिंट हिल्समध्ये आहे.

संशोधनासाठी प्रेअरीचा तुकडा राखावा ही कल्पना विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ लॉइड हल्बर्ट यांची. कॅथरिन ऑर्डवे या दानशूर बाईंच्या पैशातून नेचर कन्झर्व्हन्सीने १९७१ मध्ये पहिला तुकडा घेतला आणि १९७७ मध्ये शेजारची ड्यूई रँच विकत घेतल्यावर क्षेत्राला आजचा आकार आला. अमेरिकेत १९८० साली दीर्घकालीन परिस्थितिवैज्ञानिक संशोधनाची जी पहिली सहा केंद्रे निवडली गेली त्यांत कोंझा होते. ते काम अजून चालू आहे.

या संशोधनाची मांडणी समजून घेतली तर धावण्याच्या वाटाही वेगळ्या दिसू लागतात. सगळे क्षेत्र सु. साठ पाणलोटांत विभागले आहे. एखादा पाणलोट दरवर्षी जाळतात, दुसरा दोन वर्षांनी, तिसरा चार वर्षांनी, तर काही वीस वर्षांतून एकदाच. काहींत १९८७ पासून बायसनांचा कळप सोडला आहे, काहींत पाळीव गुरे चरतात, काहींत चरणारे जनावर मुळीच नाही. प्रत्येक पाणलोटाला अंक-अक्षरांचे सांकेतिक नाव असते. नावातला अंक म्हणजे दोन आगींमधली वर्षे. आरंभी ‘एन’ असेल तर तेथे बायसन चरतात असे समजावे. पाणलोटांच्या सीमेवर गवत कापून पट्टे मोकळे ठेवलेले असतात. आपल्या वनखात्याच्या भाषेत सांगायचे तर जाळरेषा.

खुल्या वाटांची सुरुवात मॅक्डॉवेल क्रीक रोडवरच्या वाहनतळापासून होते. तेथे ऐच्छिक देणगीची पेटी असते. सर्वांत लहान ‘नेचर ट्रेल’ चार किमी.हून थोडी जास्त भरते, ‘किंग्ज क्रीक’चा फेरा सु. सात किमी., आणि ‘गॉडविन हिल’चा फेरा सु. दहा किमी. तिन्हींची सुरुवात एकच. मोठा फेरा लहान फेऱ्यालाच पुढे जोडला जातो. त्यामुळे पाय कितपत साथ देतात ते पाहून वाटेतच बेत बदलता येतो आणि गावातल्या धावणाऱ्यांना ही सोय पुरेपूर ठाऊक आहे. दहा किमी.च्या सपाट रस्त्यावरच्या आपल्या वेळेवरून येथला अंदाज बांधू नये. चढ लांबलचक नसले तरी एकामागून एक येतात, आणि उतारावर वेळ भरून काढू म्हणावे तर पायाखालचा चर्ट ते करू देत नाही.

सुरुवातीला वाट किंग्ज क्रीक ओलांडते. ओढ्याच्या काठाने बर ओक, चिंक्वापिन ओक, हॅकबेरी अशा झाडांची दाट राई आहे आणि साऱ्या फेऱ्यातली सावली बहुतेक येथेच भेटते. या ओढ्याचा प्रवाह अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षणाने १९७९ पासून मोजला आहे. नांगर न लागलेल्या प्रेअरीतून वाहणारे पाणी कसे असते याचा तो एक मापदंडच झाला आहे. राई संपली की चढ लागतो. टेकडीच्या कण्यावरून उत्तरेला कॅन्झस नदीचे खोरे आणि मॅनहॅटन गाव दिसते. पश्चिमेकडे फोर्ट राइली हा लष्करी तळ आहे. तेथे तोफांचा सराव चालू असला की गडगडाट वाऱ्याबरोबर ऐकू येतो. नवखा माणूस आकाशाकडे पाहतो, नेहमीचा पाहत नाही. ओढ्याकाठी हॉकन्सन या स्वीडिश कुटुंबाच्या एकोणिसाव्या शतकातल्या वस्तीचे चुनखडकाचे बांधकाम उभे आहे. बायसनांचे कुरण या वाटांपासून वेगळे, कुंपणाआड आहे. बायसन पाहण्याच्याच आशेने कोणी धावायला येऊ नये.

वरच्या टप्प्यावर वेग थोडा आवरला तर आगीचा हिशेब पायाखाली वाचता येतो. वरचेवर जळणाऱ्या पाणलोटात गवत एकसारखे, दाट आणि बऱ्याच अंशी एकाच जातीचे असते : बिग ब्लूस्टेम, सोबतीला इंडियन ग्रास आणि स्विच ग्रास. वाटेच्या पलीकडे बरीच वर्षे आग न लागलेला भाग असेल तर तेथे रफलीफ डॉगवूड व सुमॅक यांच्या जाळ्या गवतात बेटे करून बसलेल्या असतात आणि अधूनमधून ईस्टर्न रेडसिडार हा ज्युनिपर डोके वर काढतो. कोंझातल्या नोंदींचा सर्वांत परिणामकारक निष्कर्ष हाच आहे. तीनेक वर्षांतून एकदा तरी जमीन जळाली नाही तर झुडपे शिरतात, आणि ती एकदा पसरली की पुन्हा आग लावूनही सहजी हटत नाहीत. आग सर्वस्वी थांबवली तर तीन-चार दशकांत गवताच्या जागी रेडसिडारचे मिट्ट रान होऊ शकते. पाऊस वर्षाला ८३५ मिमी.च्या आसपास पडतो. झाडांना तो पुरतो. तेव्हा धावणाऱ्याला जो ‘निसर्गाचा’ मोकळा देखावा दिसतो तो हातात पेटती मशाल घेतलेल्या माणसांनी राखलेला आहे. युरोपीय वसाहतींच्या आधी मूळ रहिवासीही गवत जाळत असत. वणवा म्हटला की नुकसान, हे आपल्या मनातले समीकरण येथे बाजूला ठेवावे लागते.

आग प्रामुख्याने वसंतात, मार्च-एप्रिलमध्ये, लावतात. अशा दिवशी वाटा बंद असतात. आगीनंतर काही दिवस जमीन काळी ठिक्कर पडते आणि एरवी गवतात दडलेले सगळे दगड उघडे पडतात. पंधरवड्यात तिच्यावर हिरवे कोंब दिसू लागतात. वाळलेल्या गवताचे आच्छादन गेल्यामुळे जमीन लवकर तापते व कोंबांना ऊन मिळते, हे त्यामागचे कारण. मे-जूनमध्ये रानफुले आणि पक्षी भरात असतात. डिकसिसल हा पिवळ्या छातीचा पक्षी उंच काडीवर बसून दिवसभर ओरडत राहतो आणि माळावरचा अपलँड सँडपायपर लांब शीळ घालतो. जुलैचे सरासरी तापमान २७° से., पण दुपारी पारा पस्तिशीपलीकडे जाणे नित्याचे. सावली नाही, वाटेत पिण्याचे पाणी नाही. या दिवसांत सूर्योदयालाच धावून घेणे शहाणपणाचे. सप्टेंबरमध्ये ओढ्यालगतच्या खोल मातीतला बिग ब्लूस्टेम दोन मीटरहून उंच वाढतो आणि वाट बोळासारखी होते. वरच्या दगडाळ भागात तेच गवत कमरेइतकेच राहते. ऑक्टोबरमध्ये सारा माळ तांबूस होतो. धावण्यासाठी वर्षातला सर्वोत्तम महिना हाच. जानेवारीचे सरासरी तापमान शून्याखाली तीन अंश असते, तरी खरा त्रास थंडीपेक्षा वाऱ्याचा, कारण त्याला अडवायला काहीच नाही.

पायाच्या बाबतीत दोन गोष्टी सांगायला हव्यात. ओल्या चुनखडकाच्या पायऱ्या निसरड्या असतात, आणि चर्टच्या कपच्या इतक्या धारदार की फ्लिंट हिल्सच्या खडीच्या रस्त्यांवर होणाऱ्या सायकल शर्यतींत टायर फाटणे हा कुप्रसिद्ध प्रकार आहे. पातळ तळव्याचे बूट येथे कामाचे नाहीत. दुसरी गोष्ट गोचिडींची. वसंतापासून उन्हाळाभर त्या गवताच्या टोकाशी वाट पाहत बसलेल्या असतात. धावून आल्यावर घोट्यापासून केसांपर्यंत अंग तपासावे. ओढ्याकाठच्या झाडीत पॉयझन आयव्ही आहे, त्याच्या पानांना त्वचा लागली की खाज व फोड येतात.

नियम कडक आहेत. कुत्रे नाही, सायकल नाही, वाट सोडून पाऊल नाही. वेळ उजाडल्यापासून मावळेपर्यंत. कुत्र्यावरून काही धावपटू कुरकुरतात. परंतु गवतात जमिनीवर घरटी करणारे पक्षी आणि चाळीसहून अधिक वर्षे चालू असलेल्या नोंदी पाहता ही बंदी योग्यच म्हटली पाहिजे. चिखल असताना धावू नये, असे नियमाच्या पलीकडे जाऊनही सांगावेसे वाटते. पायाने पडलेली चर उतारावरच्या पातळ मातीत पुढच्या पावसात ओघळ होते.

ज्यांना कुत्रा किंवा सायकल घेऊनच बाहेर पडायचे आहे त्यांच्यासाठी मॅनहॅटन गावाभोवतीचा लिनिअर ट्रेल आहे. तो सपाट, सोपा, आणि खरे तर कंटाळवाणा. लांब पल्ल्याच्या सरावासाठी दक्षिणेकडून जाणारा फ्लिंट हिल्स ट्रेल हा जुन्या लोहमार्गावरचा १८० किमी.हून लांब मार्ग उपयोगी पडतो. कोंझाशी तुलना करण्याजोगे ठिकाण म्हणजे स्ट्राँग सिटीजवळचे टॉलग्रास प्रेअरी राष्ट्रीय संरक्षित क्षेत्र (स्थापना १९९६, सु. ४,४०० हेक्टर). तेथे ६० किमी.हून अधिक वाटा असून काही थेट बायसनांच्या कुरणातून जातात. २००९ पासून तेथे बायसन आहेत. बायसन दिसल्यास किमान शंभर मीटर अंतर राखायचे असते. हे जनावर सुस्त दिसते, पण धावण्यात माणूस त्याच्यापुढे टिकत नाही.

फ्लिंट हिल्सला सध्या भेडसावणाऱ्या परक्या गवतांपैकी एक आहे ‘कॉकेशियन ब्लूस्टेम’ (बोथ्रिओक्लोआ ब्लाधी). चाऱ्यासाठी अमेरिकेत नेलेले हे गवत भारतातही आपोआप उगवते. बिग ब्लूस्टेम, ज्वारी आणि ऊस यांच्याच गणगोतातले. रस्त्यांच्या कडेने ते पसरते आणि स्थानिक गवतांना हुसकावते. त्याचे बी वाहून नेणाऱ्यांत बुटांचे तळवे, नाड्या आणि मोजेही येतात. तेव्हा महाराष्ट्रातल्या माळावर वापरलेले बूट घेऊन कोणी कोंझाला जाणार असेल, किंवा तिकडचे बूट घेऊन परत येणार असेल, तर निघण्यापूर्वी ते ब्रशने घासून, मोज्यांतली कुसळे वेचून कचऱ्यात टाकावीत.