मुक्कामाच्या रकान्यातली रेघ

धाकट्याने पुण्याहून गुलमर्गच्या सहलीचा हिशेब पाठवला तेव्हा मी अंगणात तूर निवडत बसले होते. माणसं पाच, रात्री पाच. विमान, श्रीनगरहून वर न्यायची गाडी, बर्फावर घसरायच्या पट्ट्यांचं भाडं, शिकवणाऱ्याचे पैसे, गोंडोल्याची, म्हणजे तिथल्या रोपवेची, तिकिटं, आणि या सगळ्यांपेक्षा मोठा आकडा हॉटेलचा. एकूण खर्चाचा निम्मा भाग नुसत्या झोपण्यावर. आकड्यासमोर त्याने बारीक अक्षरात लिहिलं होतं: तळमजला, खोलीत हीटर, आईसाठी.

त्याचा प्रश्न साधा होता. गुलमर्ग साडेआठ हजार फुटांवर, तिथे हॉटेलं मोजकीच आणि हिवाळ्यात महाग. खाली तेरा किलोमीटरवर टंगमर्ग आहे, तिथे खोली बरीच स्वस्त. पण रोज सकाळी बर्फाच्या रस्त्याने वर जायचं, संध्याकाळी उतरायचं, लेकरं थकलेली. मुक्काम वर करावा की खाली?

उत्तर देण्याआधी मी कपाटातून बाबांची प्रवासाची वही काढली. बाबा वाशीमच्या बाजारात एका अडत दुकानावर मुनीम होते. कारंजा, शिरपूर, माहूर, शेगाव, पंढरपूर, घरातल्या प्रत्येक प्रवासाचा हिशेब त्यांनी लाल कापडी पुठ्ठ्याच्या त्या वहीत ठेवला. रकाने पाच: गाडीभाडं, शिधा, पूजा-दक्षिणा, मुक्काम, किरकोळ. किरकोळमध्ये पेरूसुद्धा सापडतात. मुक्कामाच्या रकान्यात मात्र पानामागून पान एक आडवी रेघ. लहानपणी मला वाटायचं, रेघ म्हणजे फुकट. ती फुकट नव्हती हे कळायला मला बरीच वर्षं लागली, आणि आमच्या जिल्ह्याचा थोडा इतिहास वाचावा लागला.

वाशीम हे वाटेवरचं गाव. वाकाटकांच्या काळात इथे वत्सगुल्म ही राजधानी होती, मोगलाईत वऱ्हाड सुभ्यातली सरकार, म्हणजे मोठा महसुली विभाग, होती, इंग्रजांच्या वेळी 1905 पर्यंत जिल्हा होता. मग जिल्हेपण गेलं, अकोल्यात जमा झालं आणि 1 जुलै 1998 ला परत आलं. एवढ्या शतकांत या वाटांवरून माणसं सतत चालली. ती रात्री कुठे टेकत होती, हे मात्र ताम्रपटांत कोरलेलं नसतं.

सगळ्यांत जुना मुक्काम असा की ज्याला छप्परच नव्हतं. लमाणांची, म्हणजे बंजाऱ्यांची, लदेणी आमच्या भागातून जायची. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य, तांड्यासोबत बायका, लेकरं, कुत्री. दिवस मावळला की बैलांवरच्या गोण्या उतरवून एकावर एक रचायच्या, त्यांची भिंत करायची, वर कापड ताणायचं. विकायचा माल तोच रात्रीची भिंत. घर बरोबर घेऊन फिरणाऱ्या या लोकांना मुक्कामाचा वेगळा खर्च ठाऊकच नव्हता. 1860 च्या दशकात नागपूरकडची रेल्वे वऱ्हाडातून गेली आणि बैलावरचा व्यापार हळूहळू बसला, तांडे गावांच्या कडेला स्थिरावले. मानोरा तालुक्यात पोहरादेवीला संत सेवालाल महाराजांची (1739–1806) समाधी आहे. रामनवमीला तिथे देशभरातून बंजारा कुटुंबं येतात. मी दोनदा गेले आहे. झाडाखाली पाल, तीन दगडांची चूल, शेजारी उभी जीप. आता तिथे मोठं संग्रहालय उभं राहिलं आहे, इमारती झाल्या आहेत, तरी पुष्कळ घरं अजून आपलं अंथरूण आपण घेऊनच येतात. मला ते फार आवडतं.

ज्यांच्याकडे बैल नव्हते, त्यांच्यासाठी देऊळ होतं. वाशीमचं बालाजीचं मंदिर नागपूरकर भोसल्यांच्या पदरच्या भवानी काळूंनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलं. आवारातल्या ओवऱ्यांचा उपयोग नुसता शोभेचा नव्हता. आश्विनातल्या उत्सवाला बाहेरगावची माणसं तिथेच पथारी टाकायची. आजी सांगायची, त्या दिवसांत पहाटे काकड्याला जायचं तर झोपलेल्या माणसांच्या पायांमधून जपून वाट काढावी लागे. ज्याने देऊळ बांधलं त्याने त्या माणसांची रात्रही आगाऊ भरून ठेवली होती.

पुढे रेल्वे आणि कापूस दोन्ही बरोबर आले, आणि वऱ्हाडातल्या व्यापाऱ्यांच्या हाती पैसा खेळू लागला. तेव्हा धर्मशाळा बांधणं हे पुण्याचं काम होतं, तसंच गावातल्या प्रतिष्ठेचंही. सरकारलाही दखल घ्यावी लागली: 1867 च्या सराई कायद्याने सराईची नोंद करणं, ती स्वच्छ ठेवणं, साथीचा आजार निघाला तर कळवणं ही चालवणाऱ्याची जबाबदारी ठरवली. प्रवासी माणूस पटकी घेऊन येतो, ही भीती त्या कायद्याच्या मागे स्पष्ट दिसते.

कारंजा या सगळ्याचं केंद्र. गुरुचरित्रातलं लाड-कारंजे ते हेच, श्रीनृसिंहसरस्वतींचं जन्मगाव, म्हणून दत्तभक्तांची रीघ. आणि तेच जैनांचं जुनं ठाणं: बलात्कार गण, सेन गण आणि काष्ठा संघ या तीन दिगंबर परंपरांची मंदिरं, भट्टारकांच्या गाद्या, हस्तलिखितांनी भरलेली शास्त्रभांडारं. त्या पोथ्यांसाठी अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातले प्राध्यापक हिरालाल जैन इथे येत. 1930 च्या दशकात त्यांनी आणि प. ल. वैद्यांसारख्या विद्वानांनी इथल्या अपभ्रंश ग्रंथांची संपादनं छापली. यात्रेकरू, विद्यार्थी, पंडित, कापसाचे दलाल, सगळ्यांना रात्री टेकायला जागा हवी. मुर्तिजापूरला मोठ्या गाडीतून उतरून यवतमाळकडच्या अडीच फुटी रुळांच्या छोट्या गाडीत बसायचं आणि कारंज्याला उतरायचं. लोक तिला शकुंतला म्हणत. मँचेस्टरला घडलेलं तिचं वाफेचं इंजिन 1994 पर्यंत धावलं. आता गाडी बंद आहे आणि रुळांत गवत माजलं आहे.

मला आठवतो तो कारंज्याचा मुक्काम 1964 चा. आम्ही एसटीने मंगरूळपीरवरून गेलो. आईने वळकटी आदल्या रात्री बांधली: खाली सतरंजी, त्यावर दोन गोधड्या, मध्ये बाबांचं धोतर आणि आमचे कपडे, उशीच्या जागी गव्हाच्या पिठाची थैली, म्हणजे उशीही झाली आणि शिधाही झाला. गुंडाळी गुडघ्याखाली दाबून सुतळीची गाठ मारताना ती श्वास रोखायची. कुलूप घरचं न्यायचं, कारण धर्मशाळेच्या दाराला कडी-कोयंडा असे, कुलूप नसे. खोली म्हणजे शेणाने सारवलेली जमीन, एक खुंटी, एक कोनाडा. कोपऱ्यातली भिंत छतापर्यंत काळी, कारण आमच्याआधी शेकडो आयांनी तिथेच तीन विटा मांडून पिठलं केलं होतं. कोनाड्यात कुणीतरी अर्धी काडेपेटी आणि मिठाची पुडी ठेवून गेलेलं. आईने निघताना त्याच जागी आमची उरलेली हळद ठेवली. असा रिवाज होता, कुणी शिकवलेला नव्हता.

तीन रात्रींच्या वर राहायचं नाही, हा बहुतेक ठिकाणचा नेम. जाताना पेटीत काय टाकायचं ते आपल्या मनाने. बाबा दोन रुपये टाकायचे आणि लिहायचे पूजा-दक्षिणेत. मुक्कामात रेघच. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "भाडं दिलं म्हणजे ज्याने बांधलं त्याचा अपमान होतो." त्यांचं म्हणणं मला आजही पटतं.

पण रेघेखाली दुसरं काहीतरी होतं, ते वहीत कुठेच नाही. ती शेटजींची चिठ्ठी. प्रवासाला निघायच्या आधी बाबा दुकानाच्या मालकांकडून चार ओळी लिहून घ्यायचे: हे आमचे मुनीम, घरचं माणूस समजावं. धर्मशाळेच्या व्यवस्थापकाने ती वाचली की कोणती खोली मिळायची ते ठरे. शिरपूरला आम्ही अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला गेलो तेव्हाही चिठ्ठीच बोलली. मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे अशी तिथली श्रद्धा. दिगंबर आणि श्वेतांबर या दोन पंथांचा मालकीवरून वाद इतका जुना की प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोचला. 1981 मध्ये देवळाला कुलूप लागलं ते सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 2023 मध्ये उघडलं. मधली बेचाळीस वर्षं लोक दारातल्या झरोक्यातून दर्शन घेत होते. धर्मशाळाही पंथागणिक वेगळ्या. आम्ही कोणत्याच पंथाचे नव्हतो, तरी आम्हाला खोली मिळाली. ओळखीचं नाणं खणखणीत होतं.

माझ्या वर्गातल्या मैत्रिणीच्या वडिलांकडे ते नाणं नव्हतं. तिच्या घरचे एकदा आमच्यासारखेच यात्रेला गेले आणि आवाराबाहेर लिंबाखाली दोन रात्री काढून आले. जात विचारली गेली, एवढंच तिने सांगितलं, आणि आम्ही पुन्हा चिंचा खायला लागलो. मला त्या दिवशी त्यात काही टोचलं नाही, हे लिहिताना आज वाईट वाटतं. मुंबई कायदेमंडळात सी. के. बोल्यांनी 1923 मध्येच ठराव आणला होता की सरकारी खर्चाच्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. आमचा वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांतात होता, तो ठराव इथे लागू नव्हता. आणि खाजगी दानातल्या धर्मशाळांना तर तो कुठेच लागू नव्हता.

ही गोष्ट आपल्याच बाजूच्या अमरावती जिल्ह्यातल्या एका माणसाला सगळ्यांत खोल समजली. गाडगेबाबांनी शेंडगावातून निघून स्वतःसाठी झोपडीही बांधली नाही, पण लोकांसाठी नाशिक, पंढरपूर, देहू, आळंदीला धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी ज्यांना कुठेच ओसरी मिळत नव्हती त्यांच्यासाठी बांधली, आणि 1949 मध्ये ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. देवाच्या दारी माणसाला रात्र कुठे काढावी लागते, यावरून गाडगेबाबांनी धर्म मोजला. वऱ्हाडात एवढी देवळं झाली, एवढे शेट झाले. माझ्या मते मुक्कामाचा इतिहास लिहायचा तर पहिलं नाव त्यांचंच घ्यावं लागेल.

मैत्रिणीचे वडील ऑक्टोबर 1956 मध्ये नागपूरला डॉ. आंबेडकरांच्या धम्मदीक्षेला गेले होते. तिथे मैदानात उघड्यावरच झोपले, पण त्या रात्रींबद्दल ते आयुष्यभर कौतुकाने बोलायचे. उघड्यावर झोपणं तेच, लिंबाखालचं वेगळं आणि नागपूरचं वेगळं.

नंतर चित्र भराभर बदललं. एसटी गावोगाव पोचली आणि सकाळी निघून रात्री घरी परतता येऊ लागलं, तशा कारंज्या-शिरपूरच्या वळकट्या सुटल्या. बसस्टँडसमोर लॉज झाले. संस्थानांची भक्तनिवासं झाली, रांगेत उभं राहून पावती घ्यायची, ओळखपत्र दाखवायचं, अनामत भरायची. चिठ्ठी संपली. पैसे दिले की खोली. पुष्कळ लोक हळहळतात की आता सगळा बाजार झाला. मला तसं म्हणवत नाही. त्या काउंटरवर माझी मैत्रीण आणि मी एकामागे एक उभ्या राहू शकतो. शेगावला आम्ही दोघी तशा राहून आलो, शेजारच्या खाटांवर.

मग धाकट्याला फोन केला. म्हटलं, पट्ट्या शिकायचे पहिले दोन दिवस वरच राहा. गुलमर्गला सरकारी स्की संस्थाही आहे, शिकवणारे वर भेटतात. सकाळचा वेळ रस्त्यात घालवून लेकरं काय शिकतील? पुढचे तीन दिवस टंगमर्गला राहा, बर्फ बघायला रोज वर जायची गरज नाही. देवळाच्या पायथ्याशी मुक्काम करायचा तो पहाटेच्या आरतीसाठी, एरवी गावात पाहुण्यांकडे राहिलं तरी चालतं, हा आमच्या घरचा जुनाच हिशेब. त्याला पटलं. मग मी सांगितलं की माझ्यासाठी तळमजला आणि हीटर काढून टाक, मला घोंगडी पुरते. ते त्याने ऐकलं नाही.

फोन ठेवून वही मिटायला घेतली आणि शेवटचं भरलेलं पान उघडलं. कार्तिकी, 1979, पंढरपूर. हा बाबांचा आईबरोबरचा शेवटचा प्रवास. आई तेव्हा पंचावन्नची, जमिनीवरून उठताना भिंत धरायची. गाडीभाडं आहे, शिधा नाही, कारण तिला चुलीपुढे बसवत नव्हतं. मुक्कामाच्या रकान्यात त्या संबंध वहीतला एकमेव आकडा आहे: लॉज, 2 रात्री, 24 रुपये. आणि पुढे बाबांच्या मोडी वळणाच्या अक्षरात दोनच शब्द: खाट, गुडघे.