सूर्यप्रकाश आणि डोळ्यांचा उंबरठा

इ. स. १८७० मध्ये व्हिएन्ना येथे त्वचारोगांवरील एका बृहद्‌ग्रंथाचा भाग प्रसिद्ध झाला. फर्डिनांड फॉन हेब्रा आणि त्यांचे शिष्य व जावई मोरिट्झ कापोझी हे त्याचे कर्ते. कापोझी यांचे मूळ आडनाव कोन; हंगेरीतील कापोश्वार या जन्मगावावरून त्यांनी पुढे हे नवे नाव घेतले. या ग्रंथात त्यांनी एका विलक्षण व्याधीचे वर्णन केले. रोग्याची कातडी जुन्या चर्मपत्रासारखी कोरडी व ताणलेली होते, तिच्यावर तपकिरी डाग उमटतात आणि वृद्धापकाळी व्हावयाच्या गाठी कोवळ्या वयातच होऊ लागतात. १८८२ मध्ये त्यांनी या रोगाला ‘झिरोडर्मा पिग्मेंटोझम’ हे नाव दिले. कोरडी, डागाळलेली त्वचा एवढाच त्याचा अर्थ. डोळ्यांना जे दिसले तेच नावात आले. कारण नावात नव्हते. सूर्याचा तर त्यात उल्लेखही नाही.

वास्तविक हे कारण रोग्याच्या डोळ्यांतच लिहिलेले होते. असे मूल पुष्कळदा उजेड सहन होत नाही म्हणून डोळे मिटून घेते. पुढे खालच्या पापणीची कातडी आक्रसते, पापण्यांचे केस गळतात, पापणी बाहेरच्या बाजूस उलटते. उघड्या पडलेल्या डोळ्यातील ओलावा आटतो. स्वच्छमंडल, म्हणजे बुबुळावरील काचेसारखे पारदर्शक पटल, गढूळ होऊन त्यावर रक्तवाहिन्या चढतात. गाठी उठतात त्याही पापणीवर, विशेषतः खालच्या पापणीवर, आणि स्वच्छमंडल व डोळ्याचा पांढरा भाग जेथे मिळतात त्या कडेवर. आणि आत, जेथे प्रतिमा उमटते ते दृष्टिपटल मात्र बहुधा निर्दोष असते. याचे कारण असे, की सूर्याच्या जंबुपार किरणांपैकी बहुतेक सर्व स्वच्छमंडल आणि नेत्रभिंग यांतच शोषले जातात. हे किरण जेथे थांबतात तेथेच रोगाची धाव थांबते. एका इंचाच्या आतबाहेर असलेल्या या छोट्याशा गोलकात रोगाचा नकाशा इतका स्पष्ट काढलेला असतो, की तो वाचायला इतका काळ लागावा याचे नवल वाटते.

परंतु त्या काळी प्रकाशाविषयी वैद्यांची बुद्धी दुसऱ्याच दिशेने चालली होती. कोपनहेगनमध्ये नील्स फिन्सेन प्रखर प्रकाशाने त्वचेचा क्षय बरा करीत होते व त्याबद्दल १९०३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरीकडे, हँबुर्गचे उन्ना यांनी १८९४ मध्ये खलाशांच्या रापलेल्या त्वचेतील कर्करोगाकडे लक्ष वेधले होते, तर बोर्दोचे द्युब्रय यांनी द्राक्षमळ्यांतील मजुरांच्या चेहऱ्यावर तेच पाहिले होते. जंबुपार किरणांनी उंदरांत गाठी उत्पन्न करून दाखविण्याचे काम १९२८ मध्ये फिंडले यांनी केले. खलाशाला जे अर्ध्या आयुष्यानंतर होते, ते या मुलांना आठ-दहा वर्षांच्या वयात का व्हावे, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

त्याचे उत्तर नेत्रवैद्यांच्या किंवा त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात सापडले नाही. १९६४ मध्ये अमेरिकेत जीवाणूंवर प्रयोग करणाऱ्या सेटलो प्रभृती संशोधकांना असे आढळले, की जंबुपार किरणांनी डीएनएचे जे तुकडे बिघडतात, ते पेशी कापून टाकते आणि त्या जागी नवे बसविते. पेशीजवळ तिचा स्वतःचा डागडुजी करणारा कारागीर असतो म्हणा. सॅन फ्रान्सिस्को येथील जेम्स क्लीव्हर हे याच विषयावर काम करीत असताना त्यांच्या वाचनात या रोगावरील एक वृत्तपत्रीय लेख आला. रोग्यांच्या त्वचेतील पेशी घेऊन त्यांनी तपासले, तो ही डागडुजी तेथे होतच नव्हती. १९६८ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. कापोझी यांच्या ग्रंथाला तोपर्यंत ९८ वर्षे झाली होती. पुढे रॉटरडॅमच्या बोट्स्मा यांच्या प्रयोगशाळेत वेगवेगळ्या रोग्यांच्या पेशी एकमेकींत मिसळून पाहता काही जोड्या परस्परांची उणीव भरून काढतात असे दिसले. आज या रोगाची आठ जनुके ज्ञात आहेत. डागडुजीच्या या रासायनिक क्रियेचा उलगडा करणाऱ्या अझीझ सांजार यांना २०१५ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

हा दोष मातापित्या दोघांकडूनही यावा लागतो. ती दोघे स्वतः निरोगी असतात. अपत्याला रोग होण्याचा संभव चारात एक एवढा. म्हणूनच जेथे नात्यात विवाह होतात तेथे तो अधिक आढळतो. मामेबहिणीशी लग्न करण्याची चाल महाराष्ट्रात आणि दक्षिणेत होती व आहे, तेव्हा ही गोष्ट केवळ व्हिएन्नाची नव्हे. जपानात तर सुमारे २२,००० माणसांत एक रोगी असल्याचा अंदाज आहे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत १९६४ ते २०११ या काळात पाहिलेल्या ८७ रोग्यांच्या डोळ्यांचा वृत्तांत २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. शेकडा ९१ जणांना डोळ्यांचा काही ना काही विकार होता आणि शेकडा १० जणांना डोळ्याच्या पृष्ठभागाचा कर्करोग झालेला होता. पापणीवरील गाठ लहान असतानाच कापून काढली, तर पापणी आणि दृष्टी दोन्ही वाचण्याची आशा असते. उशीर झाला तर कधी डोळाच काढावा लागतो. म्हणून बाजूंनीही झाकलेले जंबुपाररोधक चष्मे, अंगभर कपडे, खिडक्यांना किरणरोधक पापुद्रे, डोळे ओले ठेवणारे थेंब आणि वारंवार तपासणी, हा सगळा संसार बाळपणापासून मांडावा लागतो. निदान लवकर झाले तर तो मांडता येतो. गाठ दिसल्यावर धावाधाव करणाऱ्याची अर्धी लढाई हरलेली असते.

तथापि १८८३ मध्ये आल्बर्ट नायसर यांनी दोन भावंडांची हकीकत नोंदविली होती. त्यांना त्वचेच्या या रोगाबरोबरच वाढत जाणारा मज्जाविकारही होता. आजही सुमारे एक चतुर्थांश रोग्यांत तसे होते. ऐकू येणे कमी होते, चालताना तोल जातो, बुद्धी मंदावते. मेंदूच्या पेशींपर्यंत सूर्यकिरण कधीच पोचत नाहीत. त्यांच्या डीएनएची झीज शरीराच्या आतील रासायनिक घडामोडींतूनच होत असावी असे मानले जाते. काळ्या चष्म्याने आणि पडद्यांनी डोळे वाचविलेल्या मुलांचाही या झिजेपासून अजून बचाव करता येत नाही.