स्पीकरचा बदलता संरोध आणि संगणकावरील परिपथ

स्पीकरच्या पाठीवर '८ ओहम' असा आकडा छापलेला असतो. तो खोटा नव्हे, पण नाममात्र आहे. मल्टिमीटर लावल्यास रोध साधारणतः ६ ओहमच्या आसपास दिसतो. तर अनुस्पंदनाच्या वारंवारतेला तोच स्पीकर ३०-४० ओहमइतका, कधी त्याहूनही अधिक, अडथळा दाखवतो. बदलत्या विद्युतप्रवाहाला होणाऱ्या या एकूण अडथळ्यास इम्पिडन्स अर्थात संरोध म्हणतात.

परिपथ प्रत्यक्ष जोडण्यापूर्वी तो संगणकावर तपासण्यासाठी 'स्पाइस' या प्रोग्रॅमची परंपरा रूढ आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथे लॉरेन्स नेगल यांनी डोनाल्ड पेडरसन यांच्या मार्गदर्शनाखाली तो विकसित केला आणि १९७३ साली तो जगापुढे आला. त्यात स्पीकरच्या जागी ८ ओहमचा रोधक जोडणे सर्वांत सोपे, आणि तेथेच फसगत होते. ३००० हर्ट्झखालील ध्वनी ट्वीटरपर्यंत पोहोचू नये म्हणून सुमारे ६.६ मायक्रोफॅरडचे धारित्र निवडले, तर पडद्यावरील आलेख निर्दोष दिसतो. प्रत्यक्षात ट्वीटरचे अनुस्पंदन बहुधा त्याच्या खालीच असते. तेथे संरोध वाढतो आणि जे अडवायचे तेच अधिक प्रमाणात आत शिरते.

उपाय म्हणून रोधकाला एकसरीत प्रवर्तक जोडतात आणि अनुस्पंदनासाठी रोधक, प्रवर्तक व धारित्र यांचा समांतर गट ठेवतात. नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांच्या संशोधनातून आलेली ही मांडणी खालच्या वारंवारतांना उत्तम चालते. वरच्या टोकाला मात्र चुंबकाच्या लोखंडात भोवरी प्रवाह उत्पन्न होतात. त्यामुळे संरोध वारंवारतेच्या सम प्रमाणात न वाढता ढोबळमानाने तिच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. एकटा प्रवर्तक असे कधीच वागत नाही. रोधक-प्रवर्तकांच्या जोड्यांची साखळी करूनच त्याच्या जवळपास जाता येते.

मग मोजलेल्या संरोधाचा तक्ताच सॉफ्टवेअरला का देऊ नये? वारंवारतानिहाय विश्लेषणात तो चालतो, कारण तेथे प्रत्येक वारंवारतेचे गणित स्वतंत्र असते. कालानुसार चालणाऱ्या विश्लेषणात सर्व वारंवारता एकाच वेळी हजर असतात. तेथे तक्त्याचे परिमेय फलात रूपांतर करणे सोयीचे ठरते. ब्योर्न गुस्टाव्हसेन आणि ॲडम सेम्लिएन यांनी १९९९ साली मांडलेली 'व्हेक्टर फिटिंग' पद्धत यासाठीच वापरली जाते. तिचा उगम, गंमत म्हणजे, वीजवाहिन्यांच्या अभ्यासात आहे.

एक अट मात्र पाळावीच लागते. संरोधाचा वास्तव भाग कोणत्याही वारंवारतेला ऋण होता कामा नये. मोजणी २० हजार हर्ट्झला थांबली असली तरी त्यापलीकडेही नाही. अन्यथा संगणकातील स्पीकर शून्यातून ऊर्जा निर्माण करू लागतो. आलेखाची जुळणी कितीही सुबक असो, ॲम्प्लिफायरशी जोडताच आंदोलने वाढत जाऊ शकतात आणि अभियंता दोष शोधत बसतो तो धडधाकट ॲम्प्लिफायरमध्ये.