आजोबांच्या वस्तऱ्याची मूठ

बाबांनी आजोबांचा वस्तरा माझ्या हातात दिला, तेव्हा तो धोतराच्या जुन्या तुकड्यात गुंडाळलेला होता. आजोबा सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात न्हावी होते. काखेत धोकटी मारून घरोघर फिरायचं आणि सुगीला बलुतं घ्यायचं. बाबा शिकले, सरकारी नोकरीत लागले, आणि मग आमच्या घरात धोकटीचा विषय निघेनासा झाला. म्हणूनच हा वस्तरा त्यांनी इतकी वर्षं जपून ठेवला होता, याचंच मला नवल वाटलं. पात्याच्या बुडाशी अक्षरं होती : ‘शेफील्ड, इंग्लंड’. मी एम.एस्सी. केलं ते याच शेफील्डमध्ये!

इथे आणल्यावर मी तो घट्ट झाकणाच्या डब्यात बंद करून ठेवला. आपली आयटीवाल्यांची अक्कल : बॅकअप घेतला की काळजी मिटली. आठ-नऊ महिन्यांनी डबा उघडला तर आतून उग्र वास आला. पातं जिथे मुठीत मिटतं तेवढ्याच भागावर गंजाचे फोड होते, बाहेरचं टोक मात्र लखलखीत. पाणी लागलं म्हणावं तर सगळीकडे गंज हवा होता. हे कोडं सोडवता सोडवता मी मुठींच्या इतिहासात शिरलो.

वस्तऱ्याची मूठ म्हणजे दोन पातळ पट्ट्या. एका टोकाला त्यांच्यामध्ये पाचर, दुसऱ्या टोकाला पातं फिरतं तो खिळा. शेफील्डमध्ये पातं घडवणारा, त्याला सहाणेच्या चाकावर धार लावणारा आणि मूठ बसवणारा, हे सहसा वेगवेगळे कारागीर असत. सुरी-कात्री करणाऱ्यांची तिथली कटलर्स कंपनी १६२४ साली संसदेच्या कायद्याने स्थापन झाली, इतका हा धंदा जुना. बेंजामिन हंट्समनने १७४०च्या दशकात मुशीत वितळवलेलं पोलाद बनवलं आणि वस्तऱ्यांना चांगली धार मिळू लागली. (आपल्याकडच्या पोलादाची गोष्ट निराळीच आहे. मुंबईहून पाठवलेल्या ‘वूट्झ’ पोलादाचा अभ्यास करून जॉर्ज पिअर्सन यांनी १७९५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीसाठी निबंध लिहिला. तो विषय पुन्हा कधीतरी.)

नाव होई ते पात्याचं, पण गिऱ्हाईक भुलायचं मुठीला. साध्या वस्तऱ्याला शिंगाची मूठ असे. शिंग तापवलं की मऊ होतं. ते उभं चिरून उलगडायचं, गरम लोखंडी पाट्यांमध्ये दाबून सपाट करायचं आणि पुन्हा तापवून साच्यात दाबायचं. थंड झालं की साच्यातली नक्षी कायमची उठते. अमेरिकेला जाणाऱ्या वस्तऱ्यांवर अशी गरुडांची आणि जहाजांची चित्रं उठवत. प्लास्टिकचा शोध लागण्याआधीचं हे प्लास्टिकच म्हणायचं! शिंगाचा भुसाही वाया जात नसे, तो शेतकरी खत म्हणून नेत. एकोणिसाव्या शतकात या कामासाठी हिंदुस्थानातून म्हशींची शिंगं विलायतेला जात. आपल्या कोकणातही ही विद्या होती. विजयदुर्गला गव्याच्या शिंगाच्या शोभेच्या वस्तू होत, अशी नोंद इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरमध्ये आहे.

श्रीमंतांसाठी हस्तिदंत, समुद्री कासवाची पाठ आणि शिंपला. जोसेफ रॉजर्स ही शेफील्डची पेढी हस्तिदंतासाठी प्रसिद्ध होती. तिच्या तळघरातला एक जुना फोटो आहे : सुळ्यांच्या राशी आणि त्यांच्यामध्ये उभी माणसं. तो बघताना सुंदर मुठींचं कौतुक जरा आवरतं घ्यावं लागतं. ब्रिटनचा हस्तिदंताचा कायदा २०१८ साली झाला आणि जून २०२२ पासून अमलात आला. आता तशा मुठीचा वस्तरा वारशाने घरात ठेवता येतो, पण मोजके अपवाद सोडले तर त्याची खरेदी-विक्री करता येत नाही.

आजोबांच्या वस्तऱ्याची मूठ पिवळट-तपकिरी, ढगाळ छटांची. मला ती कासवाच्या पाठीची वाटली होती. प्रत्यक्षात ती निघाली सेल्युलॉइडची. ते ओळखण्याची युक्ती सोपी आहे. अंगठ्याने जोरात घासायचं आणि हुंगायचं. मी घासलं आणि थेट देवघरातला कापूर आठवला!

हे सेल्युलॉइड आलं हस्तिदंताच्या टंचाईतून. १८६०च्या दशकात अमेरिकेत बिलियर्डचे चेंडू हस्तिदंताचे असत. त्याला पर्याय शोधणाऱ्याला दहा हजार डॉलरचं बक्षीस जाहीर झालं होतं. जॉन वेस्ली हायेट त्यामागे लागला, आणि नायट्रोसेल्युलोज व कापूर एकत्र करून १८७० साली त्याने सेल्युलॉइडचं पेटंट घेतलं. कसलीही नक्कल करणारं हे द्रव्य वस्तऱ्याच्या मुठींना फारच सोयीचं पडलं. हस्तिदंताच्या रेघा म्हणा, कासवाचे ढग म्हणा, फुलं म्हणा, सगळं स्वस्तात होऊ लागलं. गावच्या न्हाव्याच्या हाती असा ‘कासवाचा’ वस्तरा आला तो यामुळेच.

पण हे द्रव्य जात्याच अस्थिर. वर्षानुवर्षं त्यातला कापूर उडून जातो, नायट्रोसेल्युलोज कुजू लागतं आणि आम्लाची वाफ सोडतं. मिटलेलं पातं नेमकं त्या वाफेत झोपलेलं असतं. डबा बंद करून मी ती वाफ आतच कोंडली होती. पारदर्शक आणि कासवछाप मुठी यात सगळ्यांत वाईट. जुन्या चित्रपटांच्या नायट्रेट फिल्म याच कुळातल्या. २००३ च्या जानेवारीत पुण्यात आपल्या जुन्या चित्रपटांची रिळं आगीत गेली, ती अशीच.

म्हणजे मूठच पातं खात होती. काढून टाकावी, यात विचार करण्यासारखं काहीच नव्हतं. तरी मी दोन महिने काढली नाही. मुठीच्या एका बाजूला अंगठ्याएवढी जागा झिजून गुळगुळीत झालेली आहे. पात्याला हजार वेळा धार लागली असेल, पण आजोबांचा हात राहिला होता तो तिथे. शेवटी बाबांना फोन केला. ते जरा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “अरे, त्यांनी धार सांभाळली. मूठ मोडली असती तर त्यांनी दुसरी बसवलीच असती की.”

बाबा त्या कामाबद्दल माझ्याशी पहिल्यांदाच बोलले. पुढे तासभर बोलत होते.

मी म्हशीच्या शिंगाच्या तीन मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या मागवल्या. पाकिटावर उगमस्थान : भारत! पट्ट्या कानशीने घासताना जळक्या केसांचा वास सुटतो, कारण शिंग, नख आणि केस सगळे केराटिनचे. न्हाव्याच्या नातवाला तो वास परका वाटायचं कारण नव्हतं. पहिली जोडी खिळा ठोकताना तडकली, हातोडी जड पडली. दुसऱ्या जोडीला पाचरीने छळलं. पाचर जाड झाली तर पट्ट्या फाकतात, पातळ झाली तर धार पट्टीला घासते. जुन्या कारागिरांची पाचर बऱ्याचदा शिशाची असे, वजनाचा तोल साधायला. मी हाडाची केली. चौथ्या खेपेला पातं बरोबर मधोमध मिटलं. गंज घासून काढला, खड्डे राहिले. नक्षी काही काढली नाही, फक्त एका पट्टीत चांदीची छोटी चकती बसवली आणि तिच्यावर आजोबांच्या नावाचं आद्याक्षर कोरलं. ते किंचित तिरकं आलं आहे.

जुन्या पट्ट्या फेकवल्या नाहीत. घरातल्या लोखंडापासून दूर, बागेतल्या शेडमध्ये कागदी पाकिटात त्या उघड्या हवेवर ठेवल्या आहेत. चार-सहा महिन्यांनी मी त्या बाहेर काढून बघतो. एका कडेला बारीक जाळी धरू लागली आहे. अंगठ्याची जागा अजून शाबूत आहे.