रहाट ते ताळेबंद : सातारा-सांगलीतील पाण्याच्या शिक्षणाचा मागोवा

कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या चरित्रांत बालपणीचा एक प्रसंग सहसा सुटत नाही. इस्लामपुरातील एका विहिरीवर अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसांना पाणी शेंदू देत नसत. कोणी तरी वरून आपल्या घागरीत पाणी ओतील म्हणून ती माणसे ताटकळत उभी होती. हे त्या मुलाने पाहिले आणि विहिरीचा रहाटच मोडून टाकला. एका हूड पोराच्या संतापाची गोष्ट म्हणून आपण ती ऐकत आलो. मला मात्र ती या भागातील पाण्याच्या शिक्षणाची एक महत्त्वाची नोंद वाटते. कारण त्या विहिरीत पाणी होते. टंचाई नव्हती. ते पाणी कोणाच्या घागरीत पडायचे, एवढाच प्रश्न होता आणि तो एका शाळकरी वयाच्या मुलाला पडला होता.

आज शाळाशाळांतून जलसंवर्धनाचे कार्यक्रम होतात. प्रभातफेरी निघते, घोषवाक्यांच्या स्पर्धा होतात, दात घासताना नळ बंद ठेवण्याची शपथ घेतली जाते. नेतृत्वविकासाची शिबिरे भरतात. हे सगळे चांगलेच आहे. पण ज्या दोन जिल्ह्यांत पाण्यासाठी शंभर-सव्वाशे वर्षे झगडणे चालू आहे, तिथल्या मुलांना पाणी कोणी, कसे आणि काय शिकवले, याचा माग काढू लागलो की आजच्या कार्यक्रमांतून गळून गेलेला एक धडा सापडतो. प्रस्तुत लेखाचा विषय तो धडा आहे.

दोन जिल्हे म्हणायचे, पण १९४९ पर्यंत सातारा हा एकच जिल्हा होता. त्या वर्षी दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. भूगोल मात्र कागदावरच्या रेषेप्रमाणे वाटला जात नाही. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि त्याच सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याच्या वाट्याला पाचशेच्या आसपास येतो. माण, खटाव, आटपाडी, खानापूर, कवठे महांकाळ, जत ही सगळी पर्जन्यछायेतली गावे. खटावच्या डोंगरात उगम पावणारी येरळा नदी खानापूर, तासगावमार्गे वाहत जाऊन ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. दोन्ही जिल्ह्यांना शिवणारा हा धागा वर्षातले बरेच महिने कोरडा असतो.

हौद आणि आसूड

याच खटाव तालुक्यातील कटगुण हे जोतीराव फुले यांचे मूळ गाव. जोतीराव वाढले पुण्यात, पण शेतकऱ्याच्या कोरडवाहू दैन्याची त्यांची जाण पुस्तकी नव्हती. १८६८ मध्ये त्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळात, १८७७ साली, सत्यशोधक समाजाने धनकवडीला दुष्काळग्रस्त मुलांसाठी अन्नछत्र चालवले. त्यानंतर काही वर्षांनी, १८८३ मध्ये, ‘शेतकऱ्याचा आसूड’ लिहून झाला. त्यात त्यांनी सरकारला अगदी नेमकी सूचना केली. पलटणीतले शिपाई आणि पोलीस खात्यातील फाजील माणसे यांच्या हातून जागोजाग ताली आणि बंधारे घालून घ्यावेत, म्हणजे पावसाचे पाणी शेतांत मुरत मुरत मगच ओढ्यानाल्यांना जाऊन मिळेल. आज पाणलोट क्षेत्र विकास या नावाने जे शिकवले जाते, त्याचा गाभा या सूचनेत आहे.

लक्षात घेण्याजोगे हे की जोतीरावांच्या विचारात हौद आणि ताल एकमेकांपासून सुटे नाहीत. पाणी अडवणे आणि पाणी खुले करणे ही एकाच माणसाची दोन कामे आहेत. पुढे ती वेगवेगळ्या खात्यांत गेली.

एका पंगतीतले पाणी

भाऊराव हे या सत्यशोधक परंपरेतले. रहाट मोडल्याने कोणाचीच घागर भरत नाही, हे त्यांना पुढे उमगले असणार. त्यांनी जे उभे केले त्यावरून तसे वाटते. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये संस्था साताऱ्यात आणली. तिथल्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र रांधत आणि एका पंगतीला बसत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. ज्या काळात पाणवठे जातवार होते, त्या काळात एका माठातले पाणी पिणे हा साताऱ्यातल्या या मुलांचा रोजचा पाठ होता. त्याला परीक्षा नव्हती, गुणही नव्हते.

‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे संस्थेचे वाक्य भिंतीवर लिहिण्यापुरते नव्हते. मुले शेतात राबत, दगडधोंडे वेचून जमीन लागवडीखाली आणत आणि त्या कष्टावर शिकत. ‘कमवा आणि शिका’ या नावाने ही रीत पुढे महाराष्ट्रभर गेली. शेतात राबणाऱ्या विद्यार्थ्याला पाण्याची किंमत वेगळी शिकवावी लागत नाही. मोटेच्या पाण्याची पाळी चुकली की वाफा सुकतो आणि वाफा सुकला की आमटीत भाजी नसते. पण या शिक्षणाचा दुसरा पैलू अधिक मोलाचा होता. कामाची वाटणी कशी करायची, कोणाची पाळी केव्हा, चुकारपणा करणाऱ्याचे काय करायचे, हे एकत्र राहणाऱ्या मुलांना रोज ठरवावे लागते. आज ज्याला नेतृत्वगुण म्हणतात ते तिथे पाळ्या लावताना अंगी येत होते.

खडी आणि वाळू

तासगाव तालुक्यातील विसापूरचे वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमीच्या कल्पनेचा प्रयोग १९६९ मध्ये त्यांच्याच भागात झाला. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला देशातील ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. म्हणजे मजुराला काम आणि विद्यार्थ्याला श्रमदान या दोन योजना एकाच वर्षीच्या. तीन वर्षांनी, १९७२ च्या दुष्काळात, दोघींचीही कसोटी लागली. त्या दुष्काळाने माणसे जगवली ती खडी फोडून आणि सुकडी खाऊन. त्या पिढीतील अनेकांच्या शिक्षणात खडीच्या ढिगाऱ्यावरचा एक उन्हाळा आहेच. पण खडी फोडून पोट भरले तरी पुढच्या दुष्काळाचे काय, हा प्रश्न तसाच राहिला.

तो प्रश्न खानापूर तालुक्यात मोठ्याने विचारला गेला तो ऐंशीच्या दशकात. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईहून बेकार होऊन परतलेले कामगार गावी आले तेव्हा गाव दुष्काळात होते. संघटना कशी बांधायची हे त्यांना ठाऊक होते. डॉ. भारत पाटणकर यांच्या नेतृत्वाखाली मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. नुसती खडी फोडायला लावू नका, दुष्काळ हटेल असे काम द्या, अशी तिची मागणी होती. पाऊस किती पडतो, जमीन कशी आहे, पूर्वी कोणती पिके होती, याचा हिशेब गावकरी जाणकारांच्या मदतीने मांडू लागले. येरळेच्या पात्रातून ठेकेदार ट्रकांनी वाळू नेत होते. वाळू गेली की पात्र खोल जाते आणि काठच्या विहिरी आटतात, हे कार्यकारण विज्ञानाच्या पुस्तकातले नव्हते. ते परसातल्या विहिरीतले होते.

बलवडी आणि तांदुळवाडी या गावांनी मग एक अजब वाटणारी मागणी केली. ठेकेदारांचा उपसा थांबवा आणि आम्हाला मर्यादित वाळू विकू द्या. त्या पैशातून आम्ही धरण बांधू. बऱ्याच झगड्यानंतर ती मान्य झाली. अभियंते के. आर. दाते यांचे तांत्रिक साहाय्य मिळाले. १९८६ पासून कामाने आकार घेतला तेव्हा महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांतून विद्यार्थी श्रमदानाला आले. शहरातल्या मुलांनी पाट्या उचलल्या आणि संध्याकाळी गावकऱ्यांकडून पाण्याचे गणित शिकून घेतले. धरणाला नाव दिले बळीराजा स्मृती धरण.

या धरणाची भिंत लहान होती. त्यामागचा ठराव मोठा होता. पाणी जमिनीच्या मापाने न देता प्रत्येक कुटुंबाला सारखे द्यायचे, भूमिहीनालाही द्यायचे आणि उसासारखे पाणी पिणारे पीक घ्यायचे नाही. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीतून माणशी पाणीवाटपाचे तत्त्व सत्तरच्या दशकातच रुजवले होते. बलवडी-तांदुळवाडीने ते येरळेकाठी आणले. बलिप्रतिपदेला ओवाळताना घरोघरी बळीचे राज्य यावे असे म्हटले जाते. जोतीरावांनी त्या बळीला शेतकऱ्याच्या न्यायी राजाचा मान दिला होता. खानापूर तालुक्यातील माणसांनी त्याचे नाव सिमेंटच्या भिंतीला आणि पाण्याच्या समान वाटपाला दिले. श्रमदानाला आलेल्या विद्यार्थ्याने तिथून काय नेले असेल? पाटी उचलणे तर कुठल्याही शिबिरात शिकता येते. आपण उचललेल्या पाटीतून अडलेले पाणी जमीन नसलेल्यालाही मिळणार आहे, हे कळणे निराळे.

वाटपाचा हा आग्रह पुढे आणखी फैलावला. प्रतिसरकारच्या लढ्यात ऐन तारुण्यात उडी घेतलेले वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी सत्तरी ओलांडल्यावर पाण्यासाठी उभे राहिले. १९९३ मध्ये आटपाडीला पाणी परिषद भरली आणि कृष्णा खोऱ्यातील तेरा दुष्काळी तालुक्यांची चळवळ सुरू झाली. बेचाळीसच्या तरुणाने उतारवयात हातात घेतलेले काम पाण्याचे होते, ही गोष्ट नेतृत्वाचे धडे देणाऱ्यांनी मुलांना जरूर सांगावी.

दीड महिना

११ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून लातूरसाठी पाण्याची रेल्वे निघाली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. कृष्णेचे पाणी रुळांवरून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास गेले आणि त्याच सांगली जिल्ह्यातील जतची गावे टँकरकडे डोळे लावून बसलेली होती. त्याच महिन्यात पानी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा सुरू झाली. तीन तालुके निवडले होते. त्यातला कोरेगाव साताऱ्याचा. त्या वर्षीचा पहिला क्रमांक कोरेगाव तालुक्यातील वेळू या गावाने मिळवला. २०१८ मध्ये माण तालुक्यातील टाकेवाडी पहिली आली आणि त्याच तालुक्यातील भांडवली दुसऱ्या क्रमांकात होती.

स्पर्धेचा दीड महिना उन्हाळी सुट्टीत येई, त्यामुळे मुले आपोआप कामावर आली. माथा ते पायथा हे सूत्र त्यांनी डोंगरावर चालून समजून घेतले. समतल चर खणायचा तर समान उंचीची रेषा आधी आखावी लागते. तीन काठ्यांची ए-आकाराची चौकट, मधोमध लोंबणारा दोरा आणि त्याला बांधलेला दगड, एवढ्या साधनावर ती आखता येते. भूमिती या विषयाचा मूळ अर्थ जमीन मोजणे असा आहे, हे वर्गात सांगून जेवढे कळत नाही तेवढे अशा एका सकाळीत कळते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतले वनराई बंधारेही असेच गुरू. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती-वाळू भरून दिवाळीच्या सुमारास ओढा अडवायचा, रब्बीला विहिरींना आधार मिळतो. पुढच्या पावसात बंधारा वाहून जातो आणि पुन्हा बांधावा लागतो. पाण्याचे काम कधीच संपत नाही, हे तो दरवर्षी शिकवतो.

पण स्पर्धेने, शिबिराने जे दिले नाही तेही नमूद करायला हवे. चर भरले, विहिरींना पाणी चढले आणि मग ते कोणी उपसायचे? ज्याची विहीर खोल आणि पंप मोठा, त्याने. श्रमदान सगळ्यांचे आणि पाणी काहींचे, अशी स्थिती आली की पुढच्या उन्हाळ्यात कुदळ उचलायला मोजकेच हात येतात. म्हणूनच पाण्याचा ताळेबंद मांडायला शिकवणे हा या उपक्रमांतला मला सर्वांत मोलाचा भाग वाटतो. गावात पाऊस किती पडला, किती मुरला, माणसे-जनावरे किती पितील, कोणत्या पिकाला किती लागेल, ही बेरीज-वजाबाकी फळ्यावर मांडली की ऊस आपोआप चर्चेला येतो.

पुस्तकात न मावलेले

२०२०-२१ पासून राज्यात नववीला आणि त्यानंतर दहावीला ‘जलसुरक्षा’ हा विषय आला, पाठ्यपुस्तक आले. शंभर वर्षांत पाणी वसतिगृहाच्या माठातून पुस्तकाच्या पानात पोचले, ही लहान गोष्ट नाही. या भागातल्या मुलांना त्याची निकडही दुप्पट आहे. ज्या येरळेचे पात्र खानापुरात कोरडे असते, तीच येरळा कृष्णेला मिळते त्या ब्रह्मनाळला ऑगस्ट २०१९ च्या महापुरात बोट उलटून माणसे बुडाली. एकाच नदीच्या दोन टोकांना तहान आणि पूर. पाणी वाचवा हे एकच वाक्य या दोन्ही गावांतल्या मुलांना पुरणार नाही.

तेव्हा एक साधी सूचना करून थांबतो. प्रत्येक शाळेच्या आवारात पर्जन्यमापक असावा. गावातल्या पाच-सहा विहिरींची पातळी मुलांनी दर महिन्याला दोरी सोडून मोजावी आणि ती शाळेच्या भिंतीवर लिहावी. पावसाळा संपला की, म्हणजे याच दिवाळीच्या सुमारास, त्यांनी गावाचा ताळेबंद मांडावा आणि तो ग्रामसभेत वाचून दाखवावा. तिथे एखादी आठवीतली मुलगी उभी राहून विचारील, की आमच्या वस्तीवर टँकर येतो आणि अमक्या विहिरीवर रात्रभर पंप चालतो, हे कसे? सभेत थोडी चुळबुळ होईल. कोणी तिला खाली बसायला सांगील. तिने बसू नये, एवढे बळ तिला शाळेने दिलेले असावे. इस्लामपूरच्या त्या मुलाजवळ रहाट मोडण्यापलीकडे साधन नव्हते. हिच्या हातात आकडे असतील.