पहिला पोर्टेबल गॅस ग्रिल घेताय? आधी गॅस कोणता मिळेल ते बघा

मागच्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतून आलेल्या माझ्या मावसभावाने एक मस्त टेबलटॉप गॅस ग्रिल आणला. आम्ही लगेच पवना लेकचा प्लॅन केला, पनीर आणि चिकन मॅरिनेट करून ठेवलं. आदल्या रात्री लावून बघतो तर त्याचा रेग्युलेटर आपल्या कुठल्याच सिलेंडरवर बसेना! शेगडी रिपेअर करणारा एक दुकानदार म्हणाला, "रेग्युलेटर काढून टाकू, नळी डायरेक्ट जोडून देतो." नशीब, आम्ही नको म्हणालो. पनीर घरी तव्यावर भाजलं आणि तो ग्रिल अजून माळ्यावर पडून आहे.

यातून एक गोष्ट शिकलो. नवीन फोन घेताना आपण आधी कॅमेरा बघतो. ग्रिल घेताना मात्र आधी "चार्जर" बघायचा, म्हणजेच गॅस. तो आपल्याकडे सहज आणि सुरक्षित मिळत नसेल, तर बाकीचे फीचर्स काही कामाचे नाहीत.

डायरेक्ट नळी का जोडायची नाही?

सिलेंडरमध्ये गॅस द्रवरूपात, बऱ्याच दाबाखाली असतो. घरगुती रेग्युलेटर तो दाब सुमारे ३० मिलीबारपर्यंत खाली आणतो आणि बर्नर त्या दाबासाठीच बनवलेला असतो. रेग्युलेटर काढला की नळी सुटू शकते, ज्वाला भडकू शकते.

दुसरी अडचण गॅसची. अमेरिकेतले बहुतेक पोर्टेबल ग्रिल प्रोपेनसाठी असतात, आपल्या एलपीजीमध्ये प्रोपेनसोबत ब्युटेनही असतो. जेटचं छिद्र प्रोपेनच्या हिशोबाचं असेल तर ज्वाला पिवळी होते, काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड जास्त तयार होतो. म्हणून "अ‍ॅडॉप्टर लावला की झालं" असं नसतं.

आपल्याकडे चालणारे दोन पर्याय

१. ब्युटेन कॅनची शेगडी + ग्रिल प्लेट: ब्रीफकेससारख्या डब्यात येणारी चपटी शेगडी. बाजूच्या कप्प्यात सुमारे २२५ ग्रॅमचा, स्प्रेच्या डब्यासारखा कॅन बसतो. वजनाला हलकी, २ ते ४ जणांसाठी बेस्ट. पहिल्यांदा घेणाऱ्याला मी हीच सुचवेन.

२. झाकणवाला टेबलटॉप ग्रिल + ५ किलोचा सिलेंडर: ६ ते १० जणांचा ग्रुप, स्वतःची गाडी आणि महिन्यातून एखादी ट्रिप असेल तर हा घ्या. झाकणामुळे उष्णता आत राहते, त्यामुळे चिकनचे मोठे पीस आतपर्यंत शिजतात. ५ किलोचे सिलेंडर सरकारी तेल कंपन्या विकतात. इंडियन ऑइलचा "छोटू" त्यातलाच एक, ओळखपत्र दाखवून घेता येतो. ग्रिल घ्यायच्या आधी त्या सिलेंडरवर कोणता रेग्युलेटर बसतो ते डीलरला विचारा.

बीटीयूचा आकडा कसा वाचायचा?

ऑनलाइन लिस्टिंगमध्ये "१०,००० बीटीयू" असं ठळक लिहिलेलं असतं. हा मेगापिक्सेलसारखा प्रकार आहे, मोठा आकडा म्हणजे चांगला ग्रिल असं नाही. तो फक्त फुल फ्लेमवर तासाला किती उष्णता निघते ते सांगतो.

सोपा हिशोब:
- ३,४१२ बीटीयू प्रति तास = १ किलोवॉट. म्हणजे १०,००० बीटीयू = साधारण २.९ किलोवॉट.
- १ किलो ब्युटेनमधून साधारण १२.७ किलोवॉट-तास ऊर्जा मिळते.
- म्हणजे १०,००० बीटीयूचा बर्नर फुलवर तासाला सुमारे २३० ग्रॅम गॅस खातो. जवळपास एक अख्खा कॅन!
- तोच बर्नर ५ किलोच्या सिलेंडरवर फुल फ्लेमने साधारण २१-२२ तास चालेल.

मध्यम आचेवर कॅन जास्त वेळ पुरतो. तरी एका संध्याकाळसाठी २ कॅन ठेवा. महाबळेश्वरच्या जानेवारीतल्या रात्री ज्वाला कमजोर झाली तर घाबरू नका. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वाफ व्हायचा थांबतो आणि गॅस वापरताना कॅन स्वतःही थंड होत जातो. पण तो गरम करायला शेगडीजवळ अजिबात ठेवू नका.

विकत घेताना हे चेक करा

- शेगडीला जास्त दाब झाला की कॅन आपोआप सुटण्याची सोय आहे का?
- ग्रिल प्लेट कॅनच्या कप्प्यावर येत नाही ना? मोठा तवा किंवा प्लेट कॅनवर आली की उष्णता खाली परतते, कॅन तापतो आणि फुटू शकतो. दोन शेगड्या शेजारी ठेवून वर एकच मोठी प्लेट ठेवणंही याच कारणासाठी धोक्याचं.
- तेल गोळा करणारा ट्रे बाहेर निघतो का? तूप-चरबी थेट आचेवर पडली की ज्वाला भडकते.
- सिलेंडरवाला ग्रिल असेल तर नळीवर आयएसआय मार्क आणि आयएस ९५७३ हा क्रमांक आहे का?
- बटणाचा स्पार्क दमट हवेत दगा देतो, म्हणून साधा लायटर सोबत हवाच.

वापरताना हे विसरू नका

गळती तपासा: जोडणीवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर पेटवू नका. आधी रबरी वायसर बघा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे तो खड्ड्यात किंवा गाडीच्या डिकीत साचून राहतो.

तंबूत कधीच नाही: पाऊस असो, थंडी असो. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला ना रंग ना वास. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामन इथे केरळचे ८ पर्यटक हॉटेलच्या बंद खोलीत गॅस हीटर लावून झोपले होते, ते सकाळी उठलेच नाहीत.

ट्रेनमध्ये नाही, विमानात नाही: कॅन असो की सिलेंडर. २६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराईत उभ्या असलेल्या पर्यटकांच्या डब्याला आग लागली, ९ जण गेले. लपवून आणलेल्या सिलेंडरमुळे आग लागल्याचं रेल्वेने सांगितलं. गाडीने जात असाल तरी उन्हात बंद गाडीत कॅन सोडून जाऊ नका.

रिकामा कॅन भरू नका: तो एकदाच वापरायचा पातळ पत्र्याचा डबा आहे. रिफिल करायच्या व्हिडिओंच्या नादी लागू नका.

जागा बघून पेटवा: दिवाळीनंतर डोंगरावरचं गवत वाळतं, एका ठिणगीने वणवा लागतो. सपाट, मोकळी जमीन निवडा, पाण्याची बादली जवळ ठेवा. जंगलात आणि किल्ल्यांवर परवानगी नसेल तर पेटवूच नका.

मग काय घ्यायचं?

दोघे-चौघे असाल आणि वर्षातून तीन-चार ट्रिप होत असतील तर कॅनवाली शेगडी घ्या आणि तिच्या मापाचीच प्लेट घ्या. दर महिन्याला मोठी गँग निघत असेल तर ५ किलोचा सिलेंडर आणि भारतीय एलपीजीसाठी बनवलेला ग्रिल. आणि काहीही घेतलंत तरी पहिल्यांदा घराच्या गच्चीवर मोकळ्या हवेत पेटवून बघा. तिथे काही गडबड झाली तर फार तर एक संध्याकाळ जाईल. पवनेच्या काठी रात्री नऊ वाजता कळलं, तर जवळ ना रेग्युलेटर मिळतो ना दुकान!